यांनी पाणी सोडलं

प्रोस्टेटचा कर्करोग म्हटल्यावर घरातले सगळे कर्करोगालाच घाबरलो होतो. लघवीचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आजार ग्रंथीबाहेर पसरलेला नाही. रेडिएशन देऊ, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. सांगलीहून मिरजेला रोज रिक्षानं जायचं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात खरा त्रास सुरू झाला. प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि लघवीची नळी तिच्यातूनच जाते. शेक ग्रंथीला दिला, तरी शेजाऱ्यांना थोडी झळ लागतेच. मूत्राशयाला आतून दाह होतो आणि जरासं साचलं तरी ते घाई करू लागतं. हे दिवसा तासातासाला जात, रात्री पाच-सहा वेळा उठत. डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत हळूहळू कमी होईल, असं त्यांनी सांगितलं.

पण यांचा संकोच त्रासाहून मोठा. चाळीस वर्षांच्या संसारात ‘जरा जाऊन येतो’ यापलीकडे शब्द काढला नाही. संडासाला जायचं तर मुलाच्या खोलीवरून जावं लागतं. रात्री पाच वेळा कडी वाजणार, सून जागी होणार, म्हणून यांनी आपल्यापुरता उपाय काढला. पाणीच सोडलं! जेवताना दोन घोट, बस्स. दोन दिवसांत लघवी गडद पिवळी झाली आणि जळजळ वाढली.

शिवाय रेडिएशनच्या वेळी मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं लागतं. त्यामुळे आतडी वर सरकतात आणि झळीतून वाचतात. आमच्याकडे आधी लघवीला पाठवत, मग अर्धा लिटर पाणी पिऊन थांबायला सांगत. एके दिवशी मशीनवर पाहिलं तर मूत्राशय भरलेलंच नाही. यांना परत बाहेर बसवलं, आणखी पाणी प्यायला लावलं. त्यात त्या दिवशी मशीन अडलेलं. बाकावर चार-पाच पुरुष, सगळे साठीच्या पुढचे, मांडीला मांडी घट्ट लावून घड्याळाकडे बघत बसलेले. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. परतताना हे म्हणाले, ‘‘उद्यापासून मी येणार नाही.’’

उपचार अर्धवट टाकून चालणार नव्हतं. मी रिक्षातच बोलले, ‘‘अहो, आम्ही बायका जन्मभर हेच करत आलोय. एसटीनं जायचं म्हटलं, की सकाळपासून पाणी बंद. वाटेत आडोसा मिळेल, न मिळेल. मी माहेरी कशी जात होते, कधी विचारलंत?’’

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तू कधी बोलली नाहीस.’’

‘‘तुम्ही तरी कुठं बोलताय?’’

रात्री जेवताना सुनेसमोरच मी विषय काढला. ती मुळीच दचकली नाही. ‘‘बाबा, मग पलंगाशी पॉट का नाही ठेवत?’’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आली. झिरोचा दिवा लागला. नाडीच्या लेंग्यांना मी इलॅस्टिक घातलं. रात्री तीन वाजता नाडीची गाठ सोडवणं काय असतं, ते सोडवणाऱ्यालाच ठाऊक!

पाणी दिवसा भरपूर आणि रात्रीच्या जेवणानंतर अगदी थोडं, असं डॉक्टरांनी बांधून दिलं. चहा पाच कपांवरून एकावर आला, कारण चहा-कॉफीनं मूत्राशय आणखी चिडतं. घरातलं सगळ्यात मोठं भांडण याच चहावरून झालं. लघवीची वाट सैल करणारी गोळीही सुरू झाली. तिनं उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायचं. ताप आला, लघवीतून रक्ताच्या गाठी गेल्या किंवा लघवी पार अडली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे मी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही.

वीसही बैठका पुऱ्या झाल्या. त्याला आता दोन महिने झाले. रात्री दोनदा उठतात, पॉट अजून पलंगाखाली आहे. परवा भाच्याच्या मुलाच्या मुंजीला गेलो होतो. मांडवात पाऊल टाकताच यांनी यजमानांना सगळ्यांदेखत विचारलं, ‘‘आधी सांगा, लघवीला कुठं जायचं?’’ तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरचे एक आजोबा काठी सावरत उठले. ‘‘चला, मलाही जायचंय.’’