दात नसलेली चाके

दातेरी चाकांच्या गिअरपेटीत वेग पायरीपायरीने बदलतो. पायऱ्यांच्या जागी सलग उतार असावा, या कल्पनेतून जी यंत्रणा घडली, तिला सीव्हीटी म्हणतात. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने रबरी पट्टा आणि शंकूसारख्या कप्प्या वापरून अशी मोटारगाडी १९५८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात मांडली. त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये लेगोने घट्ट बसणाऱ्या विटांच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याकडे ही यंत्रणा कायनेटिक होंडाच्या बिनगिअर स्कूटरमधून अनेक घरांत पोहोचली.

एका हार्डवेअर व्यापाऱ्याच्या दहावीची परीक्षा दिलेल्या मुलाने ही यंत्रणा लेगोच्या विटांतून उभी करायचे ठरवले. सुटीत त्याने दुकानात बसावे, अशी वडिलांची इच्छा होती. आजोबांनी नातवासाठी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्याने सर्वांत सोपा प्रकार निवडला. मोटरवर फिरणारी गुळगुळीत तबकडी आणि तिच्यावर उभे टेकलेले, आसावर सरकणारे रबरी चाक. चाकाची त्रिज्या २ सेंटीमीटर. ते केंद्रापासून २ सेंटीमीटरवर असता तबकडीच्या एका फेऱ्यात त्याचा एकच फेरा होई; ६ सेंटीमीटरवर नेले की तीन. नेमके केंद्रावर आले की चाक थांबे, तबकडी मात्र फिरतच राही. आसाला दोरा बांधून नाण्यांची डबी उचलताना व्यवहाराची दुसरी बाजू दिसली. कडेला डबी झरझर चढे, पण मोटर दमे. केंद्राजवळ तीच डबी सावकाश आणि विनासायास वर येई. वेग जमेला धरला की जोर खर्ची पडतो, हे आजोबांना समजावून सांगावे लागले नाही.

पाचव्या दिवशी डबीत नाणी वाढवली आणि चाक जागच्या जागी घसरू लागले. केंद्राजवळ नेऊनही उपयोग होईना. दातेरी चाके एकमेकांत अडकलेली असतात. गुळगुळीत चाकांचा सारा व्यवहार पकडीवर चालतो आणि पकड दाबावर. मुलाने चाक तबकडीवर दाबण्यासाठी चार रबरबँड ताणून लावले. घसरणे थांबले, पण आस वाकला आणि मोटर ओझ्यावाचूनच धापा टाकू लागली.

रात्री दुकान वाढवून आलेले वडील बराच वेळ पाहत उभे राहिले. “पट्टा झिजला की आमची स्कूटरही अशीच घसरायची,” असे म्हणून त्यांनी दोन रबरबँड काढले. डबी हळूहळू वर आली.

“दाब कमी पडला तर घसरते, जास्त झाला तर वाकते,” आजोबा म्हणाले.

वडिलांनी उत्तर दिले नाही. मुदत संपली त्या दिवशी त्यांनी दुकानाचा विषय काढला नाही. पट्ट्याचा नमुना करायला आणखी किती दिवस लागतील, एवढेच विचारले.