देव एकमेकांना काय म्हणतात?

‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा व्हिडिओ गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केला. ऑगस्ट २०२०मध्ये तो सर्वांत आधी निंटेंडो स्विचवर आला, आणि हा कन्सोल तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलाच जात नव्हता. पीसी आणि इतर कन्सोलवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. म्हणजे पुण्यात राहून पुण्याचा गेम पहिल्याच दिवशी खेळायचा, तर यंत्र परदेशातून मागवायचं, नाहीतर ग्रे मार्केटमध्ये शोधायचं.

आमच्या मारतहळ्ळीच्या घरी स्विच आला तो सिंगापूरहून, दिराच्या बॅगेतून. मला अशा खेळांत गती नाही. पण ‘राजी’त दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, असं लेकीने सांगितलं आणि मी कान टवकारले. मराठीत आपण देवाला बिनदिक्कत ‘अरे’ म्हणतो, देवीला ‘अगं’. मग देव आपापसांत काय म्हणत असतील? असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेल्या एका पोरीबद्दल विष्णू दुर्गेशी कोणत्या सुरात बोलेल? मी उत्सुकतेने ऐकायला बसले. दोघेही इंग्रजीत बोलत होते, आणि ‘यू’मध्ये माझे सगळे प्रश्न बुडाले.

वाडे राजस्थानी वळणाचे, मधली कथानकं छायाबाहुल्यांसारखी. डोळ्यांना सगळं इथलं. कानांना मात्र ते भाषांतर वाटत होतं, आणि मूळ संहिता कुठेच नव्हती. माझ्या कामात नेमकं उलटं असतं. मूळ टेबलावर पडलेलं असतं आणि भाषांतर सापडत नाही. इथे भावाचं ‘गोलू’ हे नाव तेवढं न भाषांतरता उरलं होतं.

गेम करणाऱ्यांवर राग धरवत नाही. त्यांची २०१७ची किकस्टार्टर मोहीम फसली होती. पुढे २०२२च्या आवृत्तीत त्यांनी हिंदी आवाजही घातले. माझा हिरमोड कन्सोलने केला. त्याच्या भाषांच्या यादीत डच आहे, कोरियन आहे, पोर्तुगीज आहे. भारतीय भाषा एकही नाही. डच बोलणारे अडीच कोटींच्या आसपास. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारेच आठ कोटींच्या वर होते. अर्थात अशा याद्या बोलणाऱ्यांची नव्हे, गिऱ्हाइकांची डोकी मोजून होतात, हे मलाही कळतं. कळलं म्हणून खुपायचं थांबत नाही.

लेकीला हे खुपत नाही. ती बहुतेकदा आवाज बंद ठेवूनच खेळते. शेजारी बसलेल्या मैत्रिणींशी तिच्या गप्पा चालू असतात, अर्ध्या कन्नडात, अर्ध्या हिंदीत. मी मध्ये काही विचारलं की म्हणते, “अगं आई, थांब ना, असुर आलेत.”