नावाचे धनी

कोलामांना नावं पुष्कळ. ते स्वतःला कोलावर म्हणवतात. तेलुगू बोलणारे त्यांना मन्नेवारलू म्हणत आले, म्हणजे रानातले लोक. शेजारचे राजगोंड त्यांना पुजारी म्हणतात, कारण डोंगरातल्या काही देवतांची पूजा कोलामाच्याच हातून व्हावी अशी तिथली जुनी रीत आहे. आम्ही मराठी माणसं, पैनगंगेच्या अलीकडची असोत की पलीकडची, कोलाम म्हणतो. पाचवं नाव दिल्लीहून आलं. १९७५ पासून केंद्र सरकारने देशातल्या काही जमातींची एक निराळी यादी करायला घेतली आणि तिला नाव दिलं ‘प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप’. मराठी कागदांत त्याचं झालं आदिम जमाती. १९९३ पर्यंत या यादीत ७५ जमाती जमल्या. तेलंगणातल्या आदिलाबादच्या डोंगरांतले कोलाम आणि तोटी त्यांतच आहेत.

या पाच नावांत मला सर्वांत जास्त टोचतं ते हे पाचवं. ते कुणी चौकात ओरडून दिलेलं नाही, कुणी भांडणात तोंडावर मारलेलं नाही. सद्हेतूने, योजनांचा पैसा पोचावा म्हणून, टंकलेखन यंत्रावर उमटलेलं ते नाव आहे. पण त्याच्या कसोट्या पाहा: शेतीपूर्व अवस्थेतलं तंत्र, नाममात्र साक्षरता, थिजलेली किंवा घटत चाललेली लोकसंख्या. यांतली साक्षरता शाळेअभावी कमी होती. लोकसंख्या रोगराईने आणि उपासमारीने घटत होती. डोंगरउतारावरची पोडूची, म्हणजे फिरती, शेती राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्यावर हिरावली गेली होती. म्हणजे जे त्यांच्यावर ओढवलं, तेच त्यांचा स्वभाव म्हणून लिहिलं गेलं. आणि त्या सगळ्यावर शब्द कोणता, तर माणसाच्या आधीचा माणूस. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी मानववंशांची एक शिडी रचली होती, वरच्या पायरीवर स्वतः आणि खालच्या पायरीवर जंगलातले लोक. इंग्रज गेले, निजाम गेला, ती शिडी मात्र स्वतंत्र भारताच्या फायलीत तशीच उभी राहिली. २००६ साली सरकारने हे नाव बदलून ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ असं केलं. ते योग्यच झालं. पण उटनूरच्या बाजूला बोलताना जुनीच तीन अक्षरं, पीटीजी, अजून ऐकू येतात.

अपमानास्पद ठरलेली जुनी नावं बदलावीत का, हा प्रश्न आला की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. एक बाजू म्हणते, इतिहास पुसू नका. दुसरी म्हणते, जखम उघडी ठेवू नका. मला या दोन्हींच्या आधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ज्याला नाव दिलं त्याला कुणी विचारलं का? नाव देताना विचारलं नव्हतं हे उघड आहे. बदलतानाही विचारलं जात नाही, याचं मला जास्त दुःख आहे. ‘विशेष असुरक्षित’ हे नवं नाव सौम्य आहे, पण तेही कोलामगुड्यातल्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या, कुणी सुचवलेलं नाही.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात जे घडलं ते मी या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवतो. स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं एक विधेयक होतं आणि त्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालायचा होता. भाऊराव गायकवाडांनी विरोध केला, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. ज्यांच्यासाठी हा शब्द, त्यांनाच तो नको आहे, एवढं साधं म्हणणं होतं. सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं होतं. मतदान झालं, शब्द राहिला, आणि आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. शब्द देणाऱ्यांच्या मनात प्रेम होतं की उपकाराची भावना, हा मुद्दाच नव्हता. दुसऱ्याचं नाव बहुमताने ठरवता येतं, असं त्या दिवशी मानलं गेलं. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १९८२ मध्ये, जातीच्या दाखल्यांवर हरिजन हा शब्द लिहू नये अशी सूचना केंद्राने राज्यांना दिली. दोन पिढ्या त्या शब्दाखाली शाळेत गेल्या.

आता आमच्या भागात या. आदिलाबाद, जैनथ, बेला, तामसी या पट्ट्यातल्या कित्येक घरांत मराठीच बोलली जाते. हैदराबाद संस्थानात किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते दुसऱ्या राज्यात गेले आणि मधे राज्यसीमा आली. माणसं तीच, नातीगोती तीच. मात्र सरकारी यादीतली नावं सीमा ओलांडली की बदलतात. १९५० च्या हैदराबाद राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोलामांपुढे कंसात मन्नेवारलू लिहिलं होतं आणि गोंडांपुढे कंसात नायकपोड व राजगोंड. नायकपोड ही तर निराळीच जमात, तिला दुसऱ्याच्या कंसात बसवलं. आज तेलंगणाच्या यादीत ‘कोलाम, कोलावर’ आहे. कंसातलं परकं नाव जाऊन तिथे त्यांचं स्वतःचं नाव आलं. गोंडांच्या ओळीतही आता कोइतूर हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे, नायकपोड मात्र अजून त्याच ओळीत अडकलेले. नदीपलीकडे महाराष्ट्राच्या यादीत कोलामाशेजारी अजून मन्नेवारलूच. यवतमाळच्या झरी-जामणीतला कोलाम आणि आदिलाबादचा कोलाम एकमेकांचे सोयरे असू शकतात, पण कागदावर एकाला त्याचं नाव मिळालं आहे आणि दुसऱ्याच्या शेजारी तेलुगू शेजाऱ्यांनी दिलेलं नाव उभं आहे. त्या नावाशी जुळणाऱ्या दुसऱ्या नावांवरून नांदेडच्या बाजूला जातपडताळणी समित्यांत आणि न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद चालत आले आहेत. नाव बाहेरच्याने दिलं की त्याचे उच्चार आणि अर्थही बाहेरचेच ठरवत राहतात. त्यात डोंगरातल्या कोलामाचं काय होतं, हे कुणी फारसं विचारत नाही.

गोंड या शब्दाचं काय? तो शब्दही बाहेरच्यांनी दिलेला, हे लोक आपसांत स्वतःला कोइतूर म्हणतात. तरीही मी गोंड शब्द टाकून द्या असं म्हणणार नाही, कारण गोंडांनी तो टाकलेला नाही. चांद्याच्या गोंड राजांनी या नावाने राज्य केलं, नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंडच होता, उटनूरला गोंड राजाच्या गढीचे अवशेष आहेत. केसलापूरला पौषात नागोबाच्या जत्रेला मेसराम कुळातली माणसं जमतात तेव्हा गोंड म्हणवून घेण्यात त्यांना अभिमान असतो. शब्द बाहेरून आला म्हणून तो शिवी ठरत नाही. तो शिवी ठरतो तेव्हा, जेव्हा त्याच्या मागे तुच्छता उभी असते आणि ज्याला तो लावला त्याची मान खाली जाते. आणि मान खाली गेली की नाही, हे ती मान ज्याची आहे त्यालाच कळतं.

इथे झाडांचं एक उदाहरण सांगतो, कारण ते मला फार पटलं. आपल्या पांगाऱ्याचा एक भाऊबंद दक्षिण आफ्रिकेत आहे, लाल फुलांचा. त्याचं शास्त्रीय नाव होतं एरिथ्रिना काफ्रा. ‘काफ्रा’च्या मुळाशी अरबी काफिर, आणि दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांनी तोच शब्द काळ्या माणसांना शिवी म्हणून वापरला. २०२४ च्या जुलैमध्ये माद्रिदला जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ जमले होते. तिथे मतदान होऊन काफ्रा या धर्तीची दोनशेहून अधिक नावं ‘आफ्रा’ अशी करायचं ठरलं, म्हणजे आफ्रिकेचा. एक अक्षर गेलं. प्रस्ताव दक्षिण आफ्रिकेतल्याच शास्त्रज्ञांनी आणला होता. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही पोकळ नव्हतं: शास्त्रीय नाव स्थिर असावं, नाहीतर संशोधनात गोंधळ माजतो. पण जुने ग्रंथ कुणी जाळले नाहीत, जुन्या नावाने शोधणाऱ्याला झाड अजूनही सापडेल. फक्त उद्या केपटाउनच्या एखाद्या बागेतल्या पाटीवर आपल्या आजोबांना दिलेली शिवी वाचायची वेळ तिथल्या मुलावर येणार नाही.

इतिहास पुसला जाईल ही भीती मला म्हणूनच अर्धीच खरी वाटते. ग्रंथाचं नाव आणि माणसाचं नाव यांत फरक करायला हवा. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात मार्लवाई या गोंडांच्या गावी राहिले. त्यांच्या प्रयत्नाने तिथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापली गेली, कारण त्या काळी इथला लिहितावाचता गोंड मराठीतून शिकलेला असे. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी यांच्या समाध्या मार्लवाईत आहेत आणि लोक तिथे मनोभावे डोकं टेकतात. त्यांच्या हैदराबादविषयीच्या ग्रंथमालेच्या नावात त्या काळचा आदिवासींसाठीचा इंग्रजी शब्द आहे. तो ग्रंथावर राहू द्यावा. ग्रंथ त्या काळाचा साक्षीदार आहे. पण तोच शब्द आज एखाद्या मुलीच्या वसतिगृहाच्या फाटकावर नको.

दुसरा एक पेच याहून अवघड आहे आणि तो आपल्याच व्यवस्थेने निर्माण केला आहे. अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा जुन्या महसुली नोंदी. तेलंगणात जमिनीच्या हक्कासाठी १९५४-५५ च्या खासरा पहाणीचा आधार घेतात. त्या जुन्या कागदांत गुरुजींनी किंवा पटवाऱ्याने जे लिहिलं ते लिहिलं, अनेकदा हिणवणारं, अनेकदा चुकीचं. आज नातवाला हक्क मिळवायचा तर त्याच हिणवणाऱ्या नावाचा कागद छातीशी धरून रांगेत उभं राहावं लागतं. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांनाही हे भोगावं लागलं. नाव टाकलं, तर केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत दूर राहिल्या. म्हणून मी म्हणतो, नाव बदलताना जुन्या नावाची नोंद जपलीच पाहिजे, पण ती जपण्याचं ओझं सरकारी दप्तरावर असावं. नव्या नावाला जुन्या नावाचा आधार कायद्याने आपोआप मिळाला पाहिजे. माणसाला आपला अपमान सिद्ध करून दाखवायला लावू नये.

महाराष्ट्र सरकारने २ डिसेंबर २०२० ला वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत, असं ठरलं. काही जण म्हणाले, भीमनगर म्हटलं तरी कुणाची वस्ती ते कळतंच, मग काय बदललं? मला हा आक्षेप पटत नाही. कळण्याला कुणाची हरकत नव्हतीच. ‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हण लोक अजून वाईट गोष्टीसाठी वापरतात, त्या म्हणीत तो पत्ता घाणीशी जोडलेला आहे. भीमनगर हा पत्ता मुलगा कॉलेजच्या अर्जावर ताठ मानेने लिहितो. मात्र हा निर्णय पैनगंगेशी थांबतो. अलीकडच्या मराठी गावांत वस्तीचं जुनं नाव तोंडोतोंडी तसंच चालू आहे, आणि पाण्याची टाकी कुठे बसवायची हे विचारलं तर आमच्यातलेच कितीक जण त्याच नावाने वाट दाखवतात. तेलंगणानेही असा निर्णय घ्यावा, आणि घेताना सचिवालयात बसून पाच नावांची यादी न करता त्या वस्तीतल्या माणसांना विचारावं.

राजांच्या नावांवरून जे वाद होतात ते मी यात धरत नाही. आदिलाबादला जुन्या कागदांत एदलाबाद म्हणत, आसिफाबादला निजामांच्या आसफजाही घराण्याचं नाव आहे. शहराला राजाचं नाव असणं आणि माणसाला हिणकस नाव असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या वादाच्या गदारोळात दुसरी गोष्ट नेहमी मागे पडते. गोंडांचा पुढारी कुमरम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. ११ ऑक्टोबर २०१६ ला नवा जिल्हा झाला त्याचं नाव कुमरम भीम आसिफाबाद. मारणाऱ्यांच्या घराण्याचं नाव आणि मेलेल्याचं नाव एका पाटीवर. गोंडांनी दुसरं नाव काढा म्हणून आकाशपाताळ एक केलं नाही. त्यांचं मागणं निराळं होतं, जल, जंगल, जमीन, आणि ते अजून पुरतं मिळालेलं नाही.

आदिलाबाद जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे, १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला परंपरा आणि ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. आपल्याला कोणत्या नावाने हाक मारावी हे ठरवण्याहून ओळखीचा दुसरा मोठा प्रश्न कोणता? २०२७ च्या जनगणनेत स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा प्रत्येकाची जात नोंदली जाणार आहे. त्याआधी उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेने गुड्यागुड्यांत ग्रामसभा बोलवाव्यात, कोलामांना, तोट्यांना, नायकपोडांना विचारावं, ठराव लिहून घ्यावेत, आणि ते ठराव प्रगणकांच्या प्रशिक्षणात वाचून दाखवावेत. घरातल्या बाईने कोलावर असं सांगितलं, तर प्रगणकाने कोलावर लिहावं. यादीत ते कुठे बसतं हे शोधणं प्रगणकाच्या कचेरीचं काम आहे, तिचं नाही.