काटा आणि विष

घाटमाथ्यावरच्या माणसाला मासळीची पारख उपजत नसते; ती शिकावी लागते. माझी आई वसईची. लग्नानंतर ती लोणावळ्यास आली, तेव्हा तिला दोन प्रकारच्या मासळीशी जुळवून घ्यावे लागले. एक बोरघाट चढून येणारी समुद्राची. दुसरी पवना-इंद्रायणीच्या पाण्यातली मरळ, वाम आणि शिंगाळा.

शिंगाळा विकणारी मावळातली बाई प्रथम त्याचे काटे मोडून देई. ते रुतले तर हात तासन्‌तास ठणकतो. लांब मिशा, खवल्यांविना बुळबुळीत अंग आणि वर हे काटे; पाहणाऱ्यास तो खाण्याजोगा वाटूच नये. पण त्याचे विष काट्यापाशीच संपते. मांस निर्धोक आणि रुचकर असते.

समुद्रातला केंड याच्या नेमका उलट. त्याला डंख नाही. डिवचला की तो पोट फुगवतो आणि मुले हसतात. परंतु त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कित्येक जातींच्या कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. ते शिजवून जात नाही. आधी ओठ बधिर होतात, मग अंग लुळे पडते आणि श्वास अडतो. त्यावर उतारा नाही. वेळीच कृत्रिम श्वास मिळाला तर जीव वाचू शकतो.

अखंड केंड ओळखणे सोपे आहे. पोपटाच्या चोचीसारखे जुळलेले चार दात, अंगावर खवले नाहीत, पोटाखाली परांची जोडी नाही. मात्र केंडांतच एकमेकांसारख्या जाती आहेत. जपानात खाल्ली जाणारी एक जात आणि मांसातही विष बाळगणारी तिची बहीण यांच्यात ठळक फरक एवढाच, की पाठीवरचे बारीक काटे एकीत परापर्यंत पोहोचतात, दुसरीत अलीकडेच थांबतात. म्हणून तेथे केंड साफ करण्यास परवाना लागतो.

डोके आणि कातडी काढल्यावर तर या खुणाही उरत नाहीत. 2007 साली शिकागोत ‘मंकफिश’ म्हणून विकलेली मासळी खाऊन दोघे आजारी पडले. त्या मासळीत केंडाचे हेच विष आढळले.

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपल्या घरोघरी मासळी शिजते. जाळ्याच्या दाखल्यातले कोळी किनाऱ्यावर बसून मासे निवडतात. अखंड मासा त्यांच्या हाती असतो. आपल्यापर्यंत किनारा येत नाही, पण मासा अखंड मागून घेता येतो. अनोळखी माशाचे सोललेले तुकडे आई कधीच घेत नसे. ‘तोंड दाखव, मग भाव सांग,’ असे ती विक्रेत्यास म्हणे.