तिसरा प्लग

मारुती ८०० ला सिलिंडर तीन, म्हणून स्पार्क प्लगही तीनच. आमच्या गाडीचे पहिले दोन अर्ध्या तासात निघाले. तिसऱ्यानं दोन दिवस खाल्ले.

गाडी अण्णांची. २००५ ची, एमएच २३, पांढरी. अण्णा गेल्यापासून दोन वर्षं ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती. आमचं घर नारायणगडाच्या पायथ्याला. नगद नारायण महाराजांचं हे ठिकाण बीडकरांना धाकटी पंढरी म्हणून माहीत. बाकीच्यांना २०२४ च्या दसऱ्याला झालेल्या मनोज जरांगेंच्या मेळाव्यामुळं कळलं. वारीला आणि मेळाव्याला इथं गाड्याच गाड्या. एरवी रात्री दीड वाजता एखादी बाई अडली, तर एक गाडी मिळायची मारामार. तेव्हा लोक अण्णांचं दार वाजवायचे. आई म्हणून ती विकू देत नव्हती.

धाकट्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते चूक नव्हतं. नोंदणीची मुदत संपत आलेली. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी सहाशेची पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. वर हरित कर, विमा, नवी बॅटरी. भंगारवाला येऊन बघून गेला होता. शेवटी धाकट्यानं अट घातली: सोमवारी बीडला आरटीओत गाडी पास झाली तर ठेवू, नाहीतर मंगळवारी भंगारवाला. ही गोष्ट गुरुवारची.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं घातलं, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याची बॅटरी आणली. गाडी सुरू झाली, पण लंगडत. चाचांना फोनवर आवाज ऐकवला. चाचा म्हणजे अण्णांचे जुने मिस्त्री. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून बीडमध्ये घरीच असतात. ऐकून म्हणाले, "एक सिलिंडर मार खातोय. तिन्ही प्लग बदल. आणि काढायच्या आधी सायकलच्या पंपानं आजूबाजूची माती उडव, नाहीतर सगळी आत पडंल."

पहिला प्लग तांबूस-करडा निघाला, म्हणजे ठणठणीत. दुसरा काजळीनं काळा. प्लग हा इंजिनाची जीभ असतो, डॉक्टर बघतात तशी बघायची. तिसरा मात्र हललाच नाही. शेवटचा कधीतरी कुण्या गॅरेजात बसवताना पाना मरणाचा आवळलेला असणार.

बघायला जमलेल्यांपैकी एकानं पाण्याच्या दांडीला लोखंडी पाइप घालायला काढला. "पाइप लाव, एका झटक्यात निघंल." आमच्याकडं अडलेल्या प्रत्येक गोष्टीवर हाच इलाज आहे. पण मी पाना खाली ठेवला.

कारण साधं आहे. प्लग पोलादी असतो आणि तो ज्यात बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये ओल, वर हजारो वेळा तापणं-निवणं. आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरते आणि आतल्या टोकाला काजळी घट्ट होते. ताकद लावली की हरतं ते मऊ असलेलं. प्लग दोन-तीनशे रुपयांत मिळतो, पण त्याच्याबरोबर हेडचे आटे निघाले किंवा प्लग मध्येच तुटला, तर हेड उतरवा, लेथवर न्या, नवी बुश बसवा. सोमवार गेलाच असता.

चाचांना पुन्हा फोन. ते म्हणाले, दोन नवे बसव, तिसरा तसाच राहू दे, दहा मिनिटं गाडी चालव. कोमट झाली की बंद कर, प्लगच्या मुळाशी पातळ गंजतेल सोड आणि झोप जा.

यात शास्त्र आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे भोक प्लगपेक्षा किंचित जास्त मोठं होतं. निवताना तेल त्या फटीत शिरतं. पण गरम असतानाच पाना फिरवायचा नाही. गरम ॲल्युमिनियमचे आटे अजून लवकर जातात. प्लगवाल्या कंपन्याही थंड इंजिनावरच प्लग काढा म्हणतात.

मला झोप काही लागली नाही. धाकटा रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन बघून आला.

सकाळी पाना लावला. सरळ, एका हातानं डोकं दाबून, म्हणजे चिनी माती फुटू नये. हळूच जोर. "कट्" असा आवाज आला आणि प्लग चिमूटभर हलला. लगेच तितकाच उलटा घट्ट. तेल. पुन्हा थोडा सैल, पुन्हा उलटा. हे असं दीड तास. आवाज ऐकत राहायचं: कोरडी करकर चालते, पण किंचाळल्यासारखा आवाज आला की थांबायचं, कारण आता धातू धातूला खातोय. दोनदा थांबलो. दुसऱ्या वेळी अर्धा तास.

साडेदहाला तो हातात आला. शेवटच्या दोन आट्यांमध्ये ॲल्युमिनियमचा बारीक चुरा अडकलेला. पोटात गोळा आला. टॉर्च मारली, बाहेरच्या बाजूचे आटे शाबूत दिसत होते. मग चाचांची युक्ती: काढलेल्या जुन्या प्लगच्या आट्यांना करवतीनं उभ्या चिरा पाडल्या, चिरांमध्ये ग्रीस भरलं आणि तो हातानं आत-बाहेर फिरवला. काजळी आणि चुरा ग्रीसला चिकटून आला. मग इग्निशन आणि पेट्रोलची जोडणी काढून, भोकावर फडकं धरून, नुसता स्टार्टर मारला. उरलंसुरलं बाहेर उडालं.

नवा प्लग पाण्यानं बसवायला सुरुवात करायचीच नाही. पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या शेंड्यावर चढवायचा आणि बोटांनी फिरवायचा. आटा तिरका लागला तर नळी प्लगवरच घसरते, हेडला काही होत नाही. आमची नळी घसरली नाही. वॉशर टेकेपर्यंत प्लग बोटांनी आत गेला, मग पाण्यानं अर्धा फेरा.

एका गोष्टीवर चाचांशी मतभेद झाला. ते म्हणाले, आट्यांना चिमूटभर ग्रीस लाव. हल्लीच्या प्लगला आधीच मुलामा असतो, आणि ग्रीसनं पाना नको तितका पुढं जातो, म्हणून कंपन्या नको म्हणतात. मी लावलं नाही. चाचा म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी मला फोन करू नको."

सोमवारी पासिंग झालं. फी धाकट्यानं भरली, पावती आईच्या हातात दिली आणि कर कधी भरायचा यावरून माझ्याशी भांडला. ट्रॅक्टरवाल्याची बॅटरी अजून आमच्याच गाडीत आहे, नवी घ्यायचीय. गुरुवारी रात्री दार वाजलं तेव्हा मी शेतात पाणी द्यायला गेलो होतो. गाडी धाकट्यानं काढली.