कारवी हातावर उतरताना

टॅटूची अपॉइंटमेंट घ्यायला गेले, तर आधी हातात एक अर्ज पडला. अठरा वर्षं पूर्ण आहेत का, ओळखपत्र आणलंय का, इथपर्यंत ठीक होतं. पुढे विचारलं होतं: मधुमेह आहे का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? जखम भरल्यावर जाड, फुगीर व्रण राहतो का? सोरायसिस किंवा इसब? कावीळ होऊन गेली आहे का? गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का? हातावर चित्र काढून घ्यायला आलेल्या बाईला हे सगळं कशासाठी विचारतात, तेच मला कळेना. मी अर्ज घडी करून घरी आणला.

मला हवी होती कारवीची एक फांदी, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगटाच्या मधे. सह्याद्रीत भटकायला लागल्यापासून कारवी माझ्या मनात घर करून आहे. साधारण सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते, डोंगराचे उतार जांभळे करते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या काठ्यांचे कूड घरांना भिंती म्हणून उभे राहतात. ती आपल्याबरोबर असावी, असं चाळिशी ओलांडल्यावर फार वाटू लागलं.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एक सहकारी म्हणाला, "चार दिवस पाण्याचा थेंबही लागू देऊ नका." भाची म्हणाली, "मावशी, दिवसातून दोन-तीनदा धुवायचं असतं." कुणी म्हणे प्लास्टिक गुंडाळून ठेवा, कुणी म्हणे उघडं ठेवा, हवा लागली पाहिजे. कुणी खोबरेल सांगितलं, कुणी व्हॅसलीन. आत्याने तर हळदीची पुडीच काढून ठेवली. प्रत्येक जण छातीठोकपणे बोलत होता आणि कोणतेही दोन सल्ले एकमेकांशी जुळत नव्हते.

शेवटी तो अर्ज घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी कागदावर त्वचेचे दोन थर काढले. वरचा पातळ थर साधारण महिन्याभरात नवा होतो, त्यात रंग राहिला तर तो गळून जाईल. म्हणून सुई एक-दोन मिलिमीटर खोल, खालच्या थरात जाते. तिथे शरीराच्या पहारेकरी पेशी रंगाचे कण गिळतात आणि पचवता येत नाहीत म्हणून धरून बसतात. ती पेशी मेली की सुटलेले कण शेजारची नवी पेशी उचलते. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. म्हणजे टॅटू टिकतो तो या न संपणाऱ्या हस्तांतरामुळे. लेझरने तो काढतात तेव्हाही हे कण फोडून बारीक करायचे असतात, म्हणजे शरीराला ते वाहून नेता येतात.

"थोडक्यात," बाई म्हणाल्या, "ही हजारो टोचण्यांची जखम आहे. तिला जखमेचेच नियम लावा."

या वाक्याने माझा गोंधळ सुटायला सुरुवात झाली. अर्जातला एकेक प्रश्न उलगडला. साखर ताब्यात नसेल तर जखम उशिरा भरते आणि चिघळू शकते. रक्त पातळ असेल तर रक्तस्राव जास्त होतो, मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांनाच विचारायचं. ज्यांचे व्रण फुगतात त्यांचा टॅटूही फुगू शकतो. सोरायसिस असलेल्यांना टोचलेल्या जागीच नवे चट्टे उठू शकतात. गरोदरपणात तर थांबलेलंच बरं. काविळीच्या प्रश्नामागे हिपॅटायटिस बी आणि सी होते. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर हे दोन्ही आणि एचआयव्हीसुद्धा पसरू शकतो. बी साठी लस आहे, तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पुरे होतात. माझी लस झालेली नव्हती, म्हणून कारवीला थांबावं लागलं. सात वर्षांच्या मानाने सहा महिने काहीच नाहीत.

आत्याच्या हातावर तुळशीवृंदावन आहे. लहानपणी गोंदणारणीने दारात बसून काजळी आणि पाल्याचा रस टोचलेला. "मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं," असं ती मानते. तिच्या वेळी एकाच सुईने वाडीतल्या साऱ्या पोरी गोंदवून घेत. आजही जत्रेत मशीन घेऊन बसणाऱ्याकडे एकामागून एक हात पुढे येतात. आत्याच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण सुईच्या बाबतीत तिचा काळ मागे सोडायला हवा.

म्हणून स्टुडिओ निवडताना मी भिंतीवरचे फोटो नंतर पाहिले. आधी विचारलं: सुई माझ्यासमोर उघडाल ना? चांगल्या ठिकाणी सुईचं कार्ट्रिज बंद पाकिटात असतं, त्यावर मुदतीची तारीख असते आणि काम झालं की ते जाड डब्यात टाकून देतात. मशीन धरायची धातूची ग्रिप पुन्हा वापरत असतील तर ती ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक व्हायला हवी: 121 अंश सेल्सियस, दाबाखालची वाफ. नुसतं उकळणं किंवा स्पिरिटने पुसणं पुरत नाही. रंग बाटलीतून छोट्या टोपीत ओततात, उरलेला फेकतात, परत बाटलीत जात नाही. मशीनच्या वायरीला, बाटलीला, दिव्याच्या बटणालाही प्लास्टिकचं आवरण हवं, कारण हातमोजा घातलेला हात तिथेही लागतो.

एक प्रश्न मला बाईंनी शिकवला होता: रंग पातळ करायला पाणी कोणतं वापरता? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला 2011 च्या अखेरीस एकाच आर्टिस्टकडे टॅटू काढलेल्या 19 जणांना त्वचेचा चिवट संसर्ग झाला. सुया स्वच्छ होत्या. जंतू निघाले ते तयार मिळणाऱ्या राखाडी शाईत. म्हणजे नुसती सुई स्वच्छ असून भागत नाही, शाई आणि तिच्यात मिसळणारं पाणीही निर्जंतुक हवं. माझ्या आर्टिस्टने सीलबंद निर्जंतुक पाण्याची बाटली दाखवली आणि म्हणाला, "ताई, हे फार कमी लोक विचारतात."

मला फुलं जांभळी हवी होती. त्याने ताज्या टॅटूंऐवजी वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या, पूर्ण भरलेल्या टॅटूंचे फोटो पुढे केले. रंग त्वचेच्या खाली बसतो, म्हणजे आपण तो आपल्या वर्णातून पाहतो. गव्हाळ, सावळ्या कातडीखाली फिकट जांभळा मळकट दिसू लागतो, काळा मात्र ठसठशीत राहतो. ॲलर्जीच्या बाबतीत सगळ्यांत बदनाम लाल. युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर बंधनं घातली, त्यामागे अशा तक्रारींचीही चिंता आहे. मी काळ्या-राखाडी रेषांवर राजी झाले. आकारही वाढवला, कारण रेषा वर्षांगणिक थोड्या पसरतात आणि बारीक नक्षीचा ठिपका होतो. देवनागरी अक्षरं काढून घेणाऱ्यांना तर हे जास्त जपावं लागतं. लहान अक्षरातल्या 'ब' किंवा 'ष'चं पोट भरून जातं. संगणकावर जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. मजकूर स्वतः लिहून द्यावा आणि अक्षर न् अक्षर वाचूनच होकार द्यावा.

तारीख दिवाळीनंतरची घेतली. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात घामाने जखम ओली राहते, रंगपंचमीजवळ तर नकोच. आधीचा आठवडा रोज मॉइश्चरायझर लावलं, उन्हात हात झाकला. आदल्या दिवशी मद्य नाही, रात्री पुरती झोप, निघण्यापूर्वी पोटभर जेवण. रिकाम्या पोटी चक्कर येऊ शकते. हातावरची लव घरी काढायची नाही, बारीक काप पडतात, ते काम आर्टिस्ट नव्या ब्लेडने करतो. बधिर करणारं क्रीम विचारल्याशिवाय चोपडायचं नाही, फार मोठ्या भागावर लावलं तर औषध रक्तात जाऊन अपाय होऊ शकतो.

चित्राचा छाप, म्हणजे स्टेन्सिल, हातावर उमटला तेव्हा फांदी मनगटाकडे झुकल्यासारखी वाटली. मी सांगताच त्याने ती पुसून पुन्हा लावली. इथे भीड धरू नये, यानंतर बदल नाही. स्टेन्सिल वाळल्यावर काम सुरू झालं, आधी रेषा, मग छटा. हाताच्या मधल्या भागावर ओरखडल्यासारखं जळजळत होतं, मनगटाजवळ दुखणं तीव्र झालं. मधे थांबून लिंबूसरबत आणि गूळ-शेंगदाणे घेतले की पुन्हा बळ येई.

मग आलं ते खरं माझं काम. हातावर पारदर्शक चिकट फिल्म लावून त्याने घरी पाठवलं. सकाळी पाहते तर फिल्मखाली काळपट पाणी साठलेलं. सगळी कारवी वाहून गेली की काय, असं वाटून घाबरले. जखमेतून पाझरणारा द्रव आणि वरच्या थरातली जादा शाई मिळून ते पाणी होतं, खालच्या थरातला रंग जागेवरच होता. इथेच त्या उलटसुलट सल्ल्यांचा मेळ बसला. अशी श्वास घेणारी फिल्म काही दिवस राहू शकते, कडेने सुटली तर काढायची. स्वयंपाकघरातलं प्लास्टिक मात्र दोन-चार तासांच्या वर नको, आत घाम कोंडतो. धुवायचं हे खरं, पण साबणाने आधी आपले हात धुवून, कोमट पाण्याने, बिनवासाच्या साबणाने, न घासता. पाणी लागू देऊ नका म्हणणाऱ्याचंही अर्धं खरं होतं: नदी, विहीर, जलतरण तलाव, बादलीत हात बुडवून ठेवणं वर्ज्य, किमान तीन-चार आठवडे. टॉवेलऐवजी कागदी रुमालाने टिपायचं. मलम जेमतेम चमक येईल इतकंच, जाड थराखाली जखम मऊ पडते. हळद निर्जंतुक नसते, म्हणून उघड्या जखमेवर नाही. आत्याला हे समजावलं, तेव्हा तिने तीच हळद दुधात घालून मला प्यायला दिली.

पुढे कातडीचे काळे पापुद्रे सुटू लागले आणि खाज अशी की झोप उडाली. खाजवायचं नाही, पापुद्रे ओढायचे नाहीत, अर्धवट सुटलेल्या खपलीबरोबर रंगही जातो. वरून हलकेच थोपटायचं. सुती, सैल बाही, घाम फुटेल असा व्यायाम नाही, गडावर जाणं नाही. नंतर चित्र धुरकट, चंदेरी दिसलं, तो नव्या कातडीचा थर होता. वरून जखम दोन-तीन आठवड्यांत भरते, आतून त्याहून जास्त वेळ लागतो. भरल्यानंतर उन्हात जाताना सनस्क्रीन कायमचं. लाली पसरत गेली, जागा गरम आणि ठणकणारी राहिली, पू किंवा ताप आला, तर मात्र आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नये, डॉक्टरकडे जावं.

आणखी दोन गोष्टी ठरवण्याआधीच माहीत हव्यात. टॅटूनंतर आपल्याकडे एक वर्ष रक्तदान करता येत नाही, त्यामुळे आधी रक्तदान करून मगच मी खुर्चीत बसले. सैन्यात किंवा निमलष्करी दलात जायची इच्छा असलेल्या मुलामुलींनी टॅटू कुठे आणि केवढा चालतो ते भरतीच्या नियमांत वाचूनच पाऊल उचलावं.

कारवी आता हातावर आहे, रेषा स्वच्छ बसल्या आहेत. कुणी मला विचारलं की मी सांगते: दर विचारण्याआधी सुई कशी उघडता ते विचारा, अर्ज खरा भरा आणि पुढचा महिना जखमेसाठी मोकळा ठेवा. एवढी तयारी नसेल, तर तारीख पुढे ढकला.