फोटो कसे आलेत?

लग्नाच्या फोटोंविषयी घरच्यांचे मत विचारणे हे मोठ्या धाडसाचे काम आहे. कविता वाचून दाखविली तर ऐकणारा निदान संकोचाने ‘छान’ म्हणतो. फोटोत मात्र प्रत्येक जण प्रथम स्वतःला शोधतो आणि जसा सापडेल त्यावरून छायाचित्रकाराची योग्यता ठरवितो.

आमच्या उधन्यात हा प्रसंग नेहमीचा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून गाडीने वऱ्हाड येते, एखाद्या वाडीत लग्न लागते आणि धंदेवाईक छायाचित्रकाराच्या जोडीला घरातला एखादा हौशी तरुण कॅमेरा घेऊन हिंडत असतो. आमच्याकडे तो माझा भाचा. चुलत बहिणीच्या लग्नात त्याने काढलेले सहाशे फोटो पाहावयास एका रविवारी सारे घर जमले.

पहिलाच शेरा आला, ‘पोरगी सावळी आली!’ आमची खानदेशी पोरगी सावळीच आहे आणि सुरेख आहे. पण भाच्याने तत्काळ संगणकावर तिचा चेहरा उजळविला. हळदीची झाक गेली आणि गालांवर पीठ फासल्यासारखे दिसू लागले. बायका खूश झाल्या. मला राहवले नाही. दोष होता, पण तो रंगाचा नव्हे, मंडपाचा. लाल-पिवळ्या कापडातून उतरलेला उजेड साऱ्यांच्याच चेहऱ्यांवर तांबूस सांडला होता. नवरीला दाराच्या उजेडाकडे वळवावे, नाहीतर त्याच उजेडातली एखादी पांढरी वस्तू दाखवून कॅमेऱ्याचा रंग जुळवून घ्यावा. आणि आपल्या लग्नांत पांढऱ्या टोप्यांना काय तोटा! एवढे सांगितल्यावर तो वहीत लिहू लागला. ‘मजा नाही आली’ असे म्हटले असते तर त्याने काय लिहिले असते?

त्याच्या आईला अर्थात सगळेच फोटो उत्तम वाटले. छायाचित्रांच्या स्पर्धांत परीक्षकांपासून नाव झाकून ठेवतात ते याचसाठी. आपल्या शेजारच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला पुढे देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून गाजल्या. पण आरंभी त्यांची छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावावर छापली जात. त्यांच्या बाबतीत नाव झाकले जाणे हा अन्यायच होता. घरात मात्र नाव झाकण्याची सोयच नसते.

खरी टीका आली ती बहिणीच्या सासूबाईंकडून. त्या शेवटपर्यंत गप्प होत्या. सहाशे फोटो संपल्यावर म्हणाल्या, ‘यामा मना भाऊ कोठे शे?’

पुन्हा शोधले. अमळनेरहून आलेले ते वृद्ध गृहस्थ एकाच फोटोत होते, तेही कोणाच्या तरी कोपराआड अर्धे. भाचा गर्दीचे, भिंगाचे कारण सांगू लागला, तेव्हा मी त्याला खुणेनेच थांबविले. आजींना भिंगाशी काय कर्तव्य? साठ वर्षे सासरी काढलेल्या बाईने माहेरचे उरलेले एकच माणूस शोधले होते आणि तिला ते सापडले नव्हते. त्या दिवशी उजेड, चौकट, रंग यांवर बरेच बोलले गेले. माझेही त्यात होते. पण वजन त्या एका प्रश्नाला होते.

भाचा हे समजला, याचे मला कौतुक वाटते. पुढच्या रविवारी पहाटेच्या गाडीने तो अमळनेरला गेला. आजोबांना ओट्यावर, दाराच्या उजेडात बसविले, टोपी घालावयास लावली आणि नंतर चेहऱ्यावरची एक सुरकुतीही पुसली नाही. छापील प्रत हाती पडल्यावर त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, ‘मी इतला म्हातारा दिखस का?’ भाचा या वेळी खुलासा न करता नुसता हसला.

पावसाळ्यात ते वारले. आता तो फोटो आजींच्या खोलीत, पलंगावरून दिसेल अशा भिंतीवर आहे. त्यांची त्यावर एकच तक्रार आहे आणि भाचा आला की ती त्याला ऐकावी लागते : टोपी जराशी वाकडी बसली आहे.